ओव्हाळ सरांचा जॉब

आमच्या कोथरूडच्या शाळेत भीमराव ओव्हाळ सर कार्यशाळा शिकवायचे. खडकीच्या क्वार्टर्समध्ये वाढलेला माणूस, वडील कारखान्यात फिटर. लोखंडाचा तुकडा मुलांनी कानशीने घासून, गुण्या लावून बघत, काटकोनात आणायचा आणि त्यावर आपला हजेरी क्रमांक ठोकायचा. त्या तुकड्याला सर ‘जॉब’ म्हणत. कारखान्यातला शब्द, वडिलांकडून आलेला. "गुण्याखालून उजेड दिसतोय, घास परत!" हे त्यांचं ओरडणं माझ्या मराठीच्या तासाला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. डोकं उठायचं नुसतं.

दोन हजार साल उजाडलं आणि पालकांना संगणकाचं वेड लागलं. कार्यशाळा मोडून तिथे संगणक कक्ष करायचा, असं सांगायला संस्थेचे सचिव जानेवारीत स्टाफरूममध्ये आले. दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा महिन्यावर होती. बाहेरचे परीक्षक येणार, तुकडे तपासणार. बेचाळीस मुलांनी वर्षभर घासलेलं सगळं कपाटात होतं. मी कोपऱ्यात वह्या तपासत होते.

सर उभे राहिले. "साहेब, बाकी काय न्यायचं ते न्या. जॉबचं तेवढं बघा."

"अहो ओव्हाळ, तुमच्या जॉबला कोणी हात लावणार नाही. शब्द देतो."

सरांनी हात जोडले. "मग माझी काही तक्रार नाही."

संक्रांतीची सुट्टी संपवून आलो, तर कार्यशाळा रिकामी. कपाटासकट सगळं भंगारात गेलेलं. सर दोन दिवस भंगारवाल्यांच्या ढिगांत हात घालत फिरले. नऊ तुकडे मिळाले. सचिव उलट त्यांच्यावरच उखडले, "नोकरी वाचवली तुमची, आता लोखंडासाठी काय रडताय?"

परीक्षकांनी तेहेतीस मुलांपुढे शून्य मांडलं. त्यातल्या सोनालीला तंत्रनिकेतनात तांत्रिक विषयाच्या राखीव जागेवर जायचं होतं. तिच्या तुकड्यावर गुण्या ठेवला तर उजेडाची रेघसुद्धा दिसत नसे. "सर, तुम्ही म्हणाला होतात ना, नीट राहतील म्हणून?" एवढंच विचारलं पोरीने. मेलं, ते अजून कानातून जात नाही.

सरांची नोकरी मात्र शाबूत राहिली. संगणक कक्षाच्या दाराशी स्टुलावर बसून ते मुलांना चपला काढायला लावायचे. सात वर्षं. ओरडले कधीच नाहीत.

सरांच्या निरोप समारंभानंतर मी त्यांना जिन्यात गाठलं. नववीला अनेकार्थी शब्द शिकवणारी मी, मला त्या दिवशी स्टाफरूममध्ये तिथल्या तिथे कळलं होतं की सर आणि सचिव ‘जॉब’ म्हणून वेगळंच बोलताहेत. पण साडेपाच वाजत आले होते आणि सचिवांच्या तोंडी कोण लागणार!

"सर, मला तेव्हाच कळलं होतं," मी म्हणाले.

"माहितीये, बाई," सर म्हणाले. "तुम्ही मान वर करून माझ्याकडे पाहिलंत. मग पुढची वही घेतलीत."