सुरी त्यांनी खाली ठेवली

सुरीला धार लावायचं ते खाचेचं यंत्र कुणी मागवणार असाल, तर आधी हे वाचा.

मी मागवलं. खाचेत सुरी घालून फक्त आपल्याकडे ओढायची असते. मी करवतीसारखी पुढे-मागे घासली. पात्याला दाते पडले आणि आज सकाळी बांगडा कापला जाण्याऐवजी चेंगरायला लागला.

धार लावायचा दगड घरात आहे, पण तो थोरल्या जाऊबाईंच्या मागच्या पडवीत. घर एकच, चुली दोन. गणपतीत मोदकांच्या उकडीवरून आमचं बिनसलं, तेव्हापासून बोलणं बंद. पण बांगडे काही थांबणार नव्हते. सुरी घेऊन गेले त्यांच्याकडे.

त्यांनी सुरी उलटसुलट करून बघितली.

"हिने नारळ फोडलास काय गो?"

एवढंच. दगडावर पाणी ओतलं, पातं जरासं तिरकं धरलं आणि आधी एक बाजू, मग दुसरी, अशी सावकाश पाजवली. अंगठा आडवा फिरवून धार बघितली.

मी हात पुढे केला. त्यांनी सुरी माझ्या हातात दिली नाही. खाली लादीवर ठेवली.

"उचल. हातात दिली तर भांडण होतं."

मी उचलली, माझ्या स्वयंपाकघरात आले, बांगडे कापले. धार उत्तम लागली आहे.

आता तुम्हीच सांगा. आम्ही गणपतीपासून बोलत नाही, मग ह्या कुठलं भांडण टाळत होत्या? की त्यांच्या लेखी ते जुनं कधीच मिटलंय, आणि मलाच कुणी कळवलं नव्हतं?