काकूंना सांगायचं राहून गेलं

तीन आठवडे झाले. मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो आणि सुधाकाकूंच्या मंजिरीचा फोन आला. दिल्लीत वाढलेली ही मुलगी एरवी अर्धं हिंदीतच बोलते; त्या दिवशी मात्र एकेक शब्द जुळवून म्हणाली, "रफिकदादा, आई गेली. सकाळी. झोपेतच." मी "अच्छा" म्हणालो आणि परत जाऊन खुर्चीत बसलो. समोर इंग्रजीत चर्चा चालली होती, मीही इंग्रजीत उत्तरं देत होतो... आणि ती इंग्रजी ज्यांनी माझ्या तोंडी बसवली, त्या सुधाकाकू आता नव्हत्या.

नव्वदचं दशक होतं. दिल्लीच्या भिंतीभिंतींवर इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या क्लासच्या जाहिराती होत्या, यमुनेपलीकडे सोसायट्यांवर सोसायट्या उठत होत्या. मी मुनिरक्यात, एका खोलीत तिघं, असं राहून केंद्राच्या परीक्षेचा अभ्यास करत होतो. त्या परीक्षेत इंग्रजीचा एक सक्तीचा पेपर असतो. त्यात नापास झालात, तर बाकीच्या पेपरांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मी एकदा असा आपटलो होतो. इचलकरंजीत माग चालवणाऱ्या अब्बांनी शेजाऱ्यांना सांगितलं, ऐन परीक्षेत पोरगा आजारी पडला. वयाच्या अटीमुळे आता एकच संधी उरली होती. तेव्हा खोलीतला मित्र म्हणाला, "मयूर विहारला एक काकू आहेत, सरकारी नोकरीत. रविवारी आपल्या मराठी मुलांना इंग्रजी शिकवतात. चलो, यार, पोहेपण मिळतात."

काकूंच्या बैठकीत आठ-दहा मुलं सतरंजीवर गोल बसायची. इथे बोलावं लागणार हे मी पहिल्याच रविवारी ओळखलं, आणि "चहा मी करतो, काकू" म्हणत स्वयंपाकघर गाठलं. पुढचे दोन महिने तिथून हललो नाही. माझ्या आल्याच्या चहाची कीर्ती झाली, इंग्रजी होती तिथेच राहिली. माझी पळवाट काकूंच्या लक्षातच आलेली नाही असं मला वाटायचं. काय भाबडा होतो मी!

मग एका रविवारी त्यांनी सगळ्यांना बसने पानिपतला नेलं. मराठी माणूस पानिपतला जातो तो रणभूमीवर उसासे टाकायला, आम्हीही तेच धरून चाललो होतो. एकाने तर वाटेत फुलं घेतली. काकूंनी नेलं ते यंत्रमागाच्या शेडमध्ये. "रडायला नंतर जाऊ. आधी इथे काय चाललंय ते मला कुणीतरी इंग्रजीत समजावा." चांगली इंग्रजी येणारे दोघं पुढे झाले आणि दोन वाक्यांत संपले. मी दाराशी, सगळ्यांकडे पाठ करून उभा होतो... तेवढ्यात एका मागावर धागा तुटला. मी केव्हा वळलो, केव्हा माग थांबवला, केव्हा गाठ मारून पुन्हा चालू केला, माझं मला कळलं नाही. कारागीर हसला, "अरे, ये तो अपना ही आदमी है!"

काकूंनी मला शेडबाहेर ओढलं. "काय केलंस रे? आधी मराठीत सांग." सांगितलं. "आता या सगळ्यांना इंग्रजीत." थ्रेड ब्रोक, आय टाय... अशी गाडी निघाली. पण काकू प्रश्नामागून प्रश्न विचारत होत्या. गाठ एवढी बारीक का? जाड झाली तर? उत्तरं त्या घोळक्यात फक्त माझ्याकडे होती. अर्धा तास बोललो असेन. परतीच्या बसमध्ये मी म्हणालो, "काकू, माझी एकही चूक सुधारली नाहीत?" त्या म्हणाल्या, "तू मला काहीतरी सांगत होतास. कुणी मध्येच अडवतं का?"

पुढच्या रविवारपासून चहा काकूंनी केला. प्रत्येकाने त्यांना ठाऊक नसलेलं काहीतरी इंग्रजीत शिकवायचं, असा नेम झाला. नाशिकच्या पोराने कांद्याची चाळ शिकवली, लातूरच्याने विहीर कशी बांधतात ते. चुका नंतर कागदावर, निवांत. त्या वर्षी मी पास झालो. अब्बांनी गल्लीत पेढे वाटले.

नोकरीत गावोगाव बदल्या झाल्या आणि मयूर विहार लांब गेलं. फोनवर काकू नेहमी विचारायच्या, "नवीन काय? सांग ना." शिकवायची त्यांची ती एक युक्ती आहे, असं मी धरून चाललो होतो. शेवटचा फोन आला तेव्हा म्हणालो, "काकू, मीटिंग आहे, नंतर करतो." केला नाही. त्या माझी वाट बघत राहिल्या असतील.

गेल्या रविवारी त्यांच्या घरी गेलो. मंजिरीने एक जुनी वही पुढ्यात ठेवली. काकूंचं अक्षर. पानोपानी मुलांची नावं, आणि कुणी काय शिकवलं ते. माझ्या पानावर मागाचं एक चित्र होतं, बरंचसं चुकलेलं. त्याखाली लिहिलं होतं: 'रफिकची मागाकडे पाठ होती. धागा तुटला हे त्याला कसं कळलं? विचारायचं.' खाली अर्धं पान कोरं सोडलेलं.

"कसं कळलं, दादा?" मंजिरीने विचारलं.

आवाजावरून, काकू. आमच्या घरात माग खडखडत असला की आम्ही मुलं गाढ झोपायचो, आणि धागा तुटून त्याचा ताल चुकला की दचकून जागी व्हायचो... एवढंच. एका फोनमध्ये सांगून झालं असतं.