वसंतनंतरचा घोट

त्या रविवारी चर्चमध्ये पाय टाकल्यापासून सुवार्ताबाईंच्या मनात एकच धास्ती होती. वसंतच्या नंतर प्याला आपल्या ओठांना लागला तर?

परळच्या त्या मराठी मंडळीत प्रभुभोजनाला द्राक्षारसाचा प्याला एकच. वेदीपुढच्या कठड्याशी सगळे गुडघे टेकतात, पाळकसाहेब एकेकाच्या ओठांना प्याला लावतात, पांढऱ्या रुमालानं कड पुसून पुढच्याकडे सरकतात. सुवार्ताबाईंचा जन्म गेला त्यात, कधी काही वाटलं नव्हतं. पण आता वसंत गायकवाड शिवडीच्या टीबी इस्पितळातून घरी आला होता.

वसंत नायगावच्या चाळीत त्यांच्याच मजल्यावरचा, एकटा जीव. आता त्याच्यापासून कुणाला धोका नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. सुवार्ताबाई बी.ए. झालेल्या, त्यांना ते पटतही होतं. पण भीती काय डॉक्टरांना विचारून येते? त्यांचा थोरला भाऊ याच आजारानं गेला होता. त्याचं खोकणं ऐकतच त्या मोठ्या झाल्या. आणि आता घरात तान्ही नात, मनवा, छातीनं नाजूक.

आठवड्यापूर्वी वसंत दाराशी आला, तेव्हा त्यांनी चहा दिला खरा, पण फळीवरच्या मागच्या, कान तुटलेल्या कपात. त्यानं तो बाहेर उभ्यानंच घेतला, नळावर कप विसळला आणि उंबऱ्याबाहेर पालथा घालून गेला. कुणी सांगितलं नव्हतं. सुवार्ताबाईंना आजोबा आठवले. नगरकडच्या गावात हॉटेलाबाहेर त्यांच्या आजोबांसाठी असाच वेगळा कप असे. प्यायचं, आपणच धुवायचं, पालथा घालायचा. ही गोष्ट त्या पोरांना नेहमी सांगत, तीही दात-ओठ खाऊन.

प्रभुभोजनाचं आमंत्रण झालं आणि बाकांवर एकदम हालचाल सुरू झाली. एरवी शेवटपर्यंत जागा न सोडणारी माणसं भराभर पुढे निघाली.

"हळू रे बाबांनो, प्याला काय आटतोय?" म्हातारे शामराव पुटपुटले, आणि स्वतःही काठी टेकत पुढे सरकले.

सून दर्शना कानाशी लागली. "आई, जायचं तर आत्ता उठा. वसंतकाका मागे आहेत अजून."

"तू हो पुढे."

"मनवाला घ्यायचंय घरी जाऊन. तुमच्याच अंगावर झोपते ती."

सुवार्ताबाईंना उठवेना. शेवटच्या बाकावर वसंत मान खाली घालून बसला होता. सगळे येऊन गेल्यावर तो उठला, कठड्याच्या अगदी टोकाला गुडघे टेकले. त्याच्यानंतर प्याला घ्यायला कुणाला जागाच उरू नये, असा.

मग कशा कोण जाणे, त्या उठल्या आणि त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"सरक जरा आत."

"ताई, तुम्ही या बाजूला बसा. आधी घ्या."

"सरक म्हणते ना."

तो सरकला. सुवार्ताबाई टोकाशी टेकल्या, भाकरीचा तुकडा घेतला. प्याला आला. वसंतनं ओठ जेमतेम टेकवले, थेंबही गेला नसेल, आणि चटकन तोंड फिरवून श्वास रोखून धरला. सुवार्ताबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्या घेण्याला भीत होत्या. तो देण्याला भीत होता, आणि महिनोन्‌महिने एकट्यानं.

पाळकसाहेबांनी कड पुसली. सुवार्ताबाईंनी डोळे मिटले आणि घोट घेतला. भाऊ डोळ्यांपुढे आला, मनवा आली. भीती काही गेली नाही.

बाहेर पायरीवर वसंतनं विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली की. अजून छाती धडधडतेय." त्यांनी पदरानं कपाळ टिपलं. "चल, जेवायला घरी."

"नको ताई. बाळ आहे घरात. ताट बाहेर दिलंत तर दाराशी बसून जेवेन."

पलीकडे दर्शना सुवार्ताबाईंकडेच बघत होती.

"दोन्ही खिडक्या उघड्या ठेवू," त्या शेवटी म्हणाल्या. "मनवा तिच्या आईकडे राहील. पण जेवायला तू आत बसायचंस, माझ्या शेजारी."