देवाला सोडलेले कोंबडे

आमचं मूळ गाव सुप्याच्या धरणात गेलं. वर राहिली ती देवाची टेकडी, चारी बाजूंनी पाणी. माणसांना रामनगरला जागा मिळाल्या. टेकडीवरच्या रानकोंबड्यांना कुणी विचारलं नाही, म्हणून ते तिथंच राहिले. रानकोंबडा उडतो, पण या झाडावरून त्या झाडावर. एवढं पाणी ओलांडणं त्याच्याच्यानं होत नाही.

वर्षातून एकदा, उन्हाळ्यात पाणी उतरलं की आम्ही होड्या करून देवाला जातो. बाकीचे नवस फेडायला जातात. माझे वडील बांग ऐकायला जायचे. पहिल्या होडीनं, उजाडायच्या आत. देवळाच्या खाली एका धोंड्यावर बसायचे आणि कुणी बोललं की डोळे वटारायचे. रानकोंबड्याची बांग खुराड्यातल्या कोंबड्यासारखी लांबलचक नसते. घोगरी, तुटक, मध्येच कुणी गळा धरावा तशी. ती आली की ते म्हणायचे, "गावात ऱ्हायलेला ह्यो एकटाच." मग दिवसभर त्यांना जेवायची शुद्ध नसायची. माणसं नवी घरं बांधून सुखी झाली, असं सगळे सांगतात. माझ्या वडिलांना कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

मी हायस्कुलात जीवशास्त्र शिकवते. बांगा कमी होत चालल्या, हे मला त्यांच्याआधी कळलं होतं. बोलायचं धाडस नव्हतं. कधी झुडपात अंडी तशीच पडलेली दिसायची, न फुटलेली, आत काही न धरलेली. एका वर्षी वाढीला लागलेली पिल्लं दिसली, तर झाडून सगळे नर. मोठ्या रानात असं झालं तर काही बिघडत नाही, पलीकडच्या ओढ्यावर माद्या असतात. मूठभर पाखरांत एकच वर्ष असं निघालं की पुढच्या वर्षी अंडी घालणार कोण? आणि जी उरली ती एकमेकांचीच भावंडं. त्यांची पिल्लं अशक्त, अंडी पोकळ, म्हणून पाखरं आणखी कमी, म्हणून नातं आणखी जवळचं.

त्यात आमचे नवस. देवाला बोललेला कोंबडा आमच्यात कापत नाहीत, जिवंत सोडतात. गाव होतं तेव्हा सोडलेला कोंबडा आठवडाभरात कोल्ह्याच्या पोटात जायचा, देव खूश आणि कोल्हाही खूश. आता टेकडीवर कोल्हा नाही. सोडलेला गावठी कोंबडा तिथंच माजतो, अंगानं दांडगा, रानकोंबड्याला हुसकून लावतो आणि त्याच्या माद्या घेऊन बसतो. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं.

शेवटी वडिलांनीच एकदा होडीत विचारलं, "औंदा एकच वरडला. तू काय तरी कर की. तुजं शिकणं कवा कामाला यायचं?"

म्हणून मी देवस्थानच्या बैठकीला गेले. कमिटीचा अध्यक्ष माझा थोरला भाऊ. मी सगळं सांगितलं, फळ्यावर सांगते तसं, सोपं करून. टेकडीवरची पाखरं एकाच रक्ताची झालीत, भाऊबहिणीत जोड्या लागतात, म्हणून वंश खचतोय. एक जण मागून म्हणाला, "आमी बी मामाचीच पोरगी केलीया. काय खचलं?" सगळे पोट धरून हसले. त्याची बायकोही हसली.

मी म्हणाले, "हसा. पण आपले गावठी कोंबडे सोडणं बंद करा. नारळ फोडा."

"नारळ चालतो," भाऊ म्हणाला, "पर बोललेला कोंबडा बोललेलाच. आणि टीचर, तूच म्हणालीस न्हवं, एकाच रक्तानं खचतंय म्हणून? मग नवं रक्त नगो?"

"नवं रक्त रानातलं पाहिजे, अण्णा. खुराड्यातलं घातलं तर रानकोंबडाच उरणार नाही."

"कोंबडा तो कोंबडा," तो म्हणाला, आणि माना डोलल्या. माझं अर्धं वाक्य त्यांनी उचललं, उरलेलं अर्धं तिथंच टाकलं. पालथ्या घड्यावर पाणी गेलं असतं तरी परवडलं असतं. इथं घडा सरळ होता आणि नको तेवढंच भरून घेतलं. त्या उन्हाळ्यात ज्यांचा नवस नव्हता त्यांनीही कोंबडे आणले. पाखरांचा वंश वाढवायचा म्हणून. टोपल्यांनी होडी भरली, माणसं मागच्या होडीत बसली.

पुढच्या उन्हाळ्यात टेकडी नुसती गजबजली होती. पहाटे इकडून एक आरवला, तिकडून दुसरा, लांब, खणखणीत, दम लावून. बायकांनी हात जोडले. झुडपातून एक कोंबडा बाहेर आला. मानेवर रानकोंबड्याचे ठिपके, शेपटी मात्र आमच्या परड्यातल्या गावठी कोंबड्याची. पोरं टाळ्या वाजवू लागली. भावानं माईक घेतला आणि देवळासमोर मला बोलावून शाल घातली. बहिणीच्या शास्त्रानं देवाची पाखरं वाचली, असं तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं. मला त्याचा इतका राग आला की शाल तिथंच पाण्यात फेकावी असं वाटलं. फेकली नाही. लोक पाया पडत होते.

वडील धोंड्यावर बसून होते. उन्हं चढली तरी उठले नाहीत. सगळ्या बांगा त्यांनी ऐकून घेतल्या, एकेक, मान कलती करून. मी जवळ गेले तर त्यांनी नुसतं शालीकडे पाहिलं.

औंदा होड्या ठरल्या तेव्हा मी त्यांचं धोतर काढून ठेवलं, काठी पुसून ठेवली. ते परड्यात खाटेवर पडून होते.

"कशाला?" ते म्हणाले. "कोंबडा ऐकायला? त्यो हितं खुराड्यात बी वरडतोय की."