साडूच्या हातचं केळवण

माझ्या मुलीचं केळवण तिचा काका करणार, हे तिचं लग्न ठरलं त्याच दिवशी ठरून गेलं. काका म्हणजे तिच्या मावशीचा नवरा, माझा साडू. बातमी कळली तशी ती दोघं लंडनच्या दुसऱ्या टोकाच्या क्रॉयडनहून थेट एजवेअरला आमच्या घरी आली. साडूने पेढ्यांचा बॉक्स टेबलावर आपटला आणि म्हणाला, "हॉल नको, रेस्टॉरंट नको. केळवण आपल्या गाडीत, समुद्राकाठी. आणि स्वयंपाक मी करणार."

"केळवणाला तुम्ही काय करणार, ऑम्लेट?" माझी बायको म्हणाली.

"मटण. लाकडाच्या धुरावर दिवसभर शिजवलेलं. ताई, बोटं चाटत बसाल."

मुलगी इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली. ती सोफ्यावरून ओरडली, "डन! माझा केळवण काकाच करणार, दुसरं कोणी नाही." झालं. तिच्यापुढे बोलायची आमची काय टाप? त्या दिवशी माझी मेहुणीसुद्धा हसली होती, मला चांगलं आठवतं.

गाडी म्हणजे आम्हा दोघा साडूंनी मिळून घेतलेली सेकंडहँड मोटरहोम, आत झोपायची-रांधायची सोय असलेली. ती माझ्या घरापुढच्या ड्राइव्हवर उभी असते, म्हणून समोरची बाई माझ्याशी बोलत नाही. तिच्या खिडकीतून आता झाड दिसत नाही, आमची गाडी दिसते, तेव्हा तिचंही बरोबरच आहे. साडू म्हणजे तरी काय, दोन बहिणींशी लग्न केलेले दोन परके पुरुष. सुरुवातीला सासुरवाडीला गेलो की कुणाला आधी वाढतात यावर आमचं बारीक लक्ष असायचं. मग या देशात दोघंही आलो, आजूबाजूला आपलं म्हणावं असं कुणी नाही, आणि कधी अरेतुरेवर आलो ते कळलंही नाही. मला सख्खा भाऊ नाही. असता तरी त्याच्याशी इतकं जमलं असतं की नाही, शंकाच आहे.

धुरावरच्या मटणासाठी साडूला हवा असलेला पेलेट स्मोकर ही काय भानगड आहे ते मला तोवर ठाऊक नव्हतं. एक झाकणाची पेटी. बाजूच्या डब्यात लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्या ओतायच्या, सशाला घालतात तसल्या. आतला स्क्रू फिरत त्या थोड्या थोड्या जाळात ढकलतो, पंखा धूर खेळवतो, आणि आपण लावू तेवढंच तापमान राहतं. तुम्ही समोर बसा नाहीतर ताणून द्या, मांस आपलं शिजत राहतं. फक्त वीज लागते.

अख्खा हिवाळा आम्ही दुकानं पालथी घातली. मला मोठा हवा होता, चाकांचा, लग्नाचं वऱ्हाड जेवेल असा. साडूने भर दुकानात खिशातून शिवणाची टेप काढली आणि तो खाली बसून मोजायला लागला.

"हा मागच्या लॉकरमध्ये जाणार नाही."

"जाईल रे."

"जाईल, पण मग दार लागणार नाही. दार उघडं टाकून मोटरवेवर जायचंय का?"

मी चिडलो. मी लवकर चिडतो, घरात सगळ्यांना माहीत आहे. तो चिडत नाही, आणि त्यामुळे मी आणखी चिडतो. शेवटी त्याचंच झालं. पाय मिटणारा लहानसा स्मोकर घेतला. तरी त्याचं समाधान होईना. पाण्याची टाकी भरून, सगळं सामान लादून त्याने गाडी वजनकाट्यावर न्यायला लावली, का तर वजन जास्त भरलं तर पोलिस रस्त्यात अडवतील. गोळ्यांचं तर विचारूच नका. सफरचंदाच्या लाकडाच्या, चेरीच्या, हिकरीच्या, ओकच्या, प्रत्येक पिशवी नाकाशी धरून हुंगली. हिकरी उग्र, सफरचंद गुळमट, मटणाला ओकच, असा निकाल झाला. मी म्हटलं, "लग्न पोरीचं आहे ना? की या डब्याचं?"

ईस्टरला नॉरफकमधल्या एका शेतावरच्या, अशा गाड्या लावून राहायच्या साइटवर आम्ही चौघं ट्रायलला गेलो. अरे देवा! साइटची वीज अगदी जेमतेम. स्मोकर चालू, आत माझा हीटर चालू, त्यात बायकोने चहासाठी केटल लावली, आणि खटकन सगळं बंद. कोंबडी अर्धी कच्ची. ब्रेकर वर करून पुन्हा सुरू करतोय तोच पाऊस. डब्याचं झाकण मी उघडं ठेवलं होतं, त्यामुळे गोळ्या फुगून त्यांचा लगदा झाला आणि स्क्रू अडकला. बायकोने हौसेने भरताचं वांगं आणलं होतं. या मंद धगीवर ते भाजलं म्हणून गेलंच नाही, नुसतं सुकून चपलेच्या चामड्यासारखं झालं. ती हसून हसून बेजार.

साडू आणि मी त्या डब्यासमोर छत्री धरून सबंध दिवस बसलो. बोललो काय? गोळ्या, पाऊस, ब्रेकर, कोंबडीच्या पोटात खुपसायची तापमान मोजायची सळई. मेहुणी गाडीत पुढच्या सीटवर शाल घेऊन वाचत होती. त्या दिवसभरात दोघांनी एकमेकांकडे काही मागितलं नाही, एकमेकांना काही दिलं नाही, हे मला आता आठवतं. तेव्हा मी चमच्याच्या दांड्याने स्क्रूमधला लगदा उकरत होतो.

मे महिन्यात मेहुणीचा फोन आला. बायको फोन घेऊन वर गेली ती बराच वेळ खाली आली नाही. आली तेव्हा डोळे सुजलेले. ती दोघं वेगळी होत होती. भांडणतंटा नाही, तिसरं माणूस नाही. घर विकायला काढलेलं, वकील नेमलेले, सगळं शांतपणे. माझं डोकंच फिरलं. मी त्याला फोन करून वाट्टेल ते बोललो. "दिवसभर शेजारी बसलास आणि पेलेटच्या गप्पा मारल्यास? एका शब्दाने बोलला नाहीस? मी कोण आहे तुझा?"

तो म्हणाला, "तोच प्रश्न आहे ना आता."

मी फोन ठेवला.

मेहुणीने बायकोला स्पष्ट सांगितलं, भाचीच्या केळवणाला मी येणारच, पण तो असेल तर मी नाही. तिचं तरी काय चुकलं? सख्खी मावशी ती. मुलगी रडत दोघांनाही मेसेज करत होती. मी काही बोलायला गेलो की बायको म्हणायची, "अहो, मला बहीण एकच आहे." मलाही साडू एकच होता, पण ते बोलायची सोय नव्हती.

तोडगा त्यानेच काढला. "पोरीला शब्द दिलाय," फोनवर म्हणाला. "मी सकाळी लवकर येतो, मटण लावतो. ते शिजायला दिवस जातो. पोर आणि तिची मावशी संध्याकाळी येणार, त्याच्या आत मी निघतो. मशीनला काही मी लागत नाही."

"वा, हे मस्त जमेल," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. किती सहज म्हणून गेलो मी ते!

डॉर्सेटला समुद्रावरच्या टेकाडावर साइट होती. बायको आणि मी केळवणाच्या आदल्या दिवशीच जाऊन राहिलो होतो. तो सकाळी आपल्या गाडीतून आला, कूलबॉक्समध्ये रात्रभर मुरवलेली मटणाची तंगडी घेऊन. दही, आलं-लसूण आणि त्याच्या आईकडून आलेला काळा मसाला. ऊन काय पडलं होतं म्हणून सांगू! एरवी आम्ही निघालो की आभाळ फाटतं. बायकोने त्याच्यासमोर पोह्यांची प्लेट ठेवली, "घ्या" म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली.

आम्ही पुन्हा डब्यासमोर खुर्च्या टाकल्या. या वेळी मी गोळ्यांविषयी बोललो नाही. सरळ विचारलं, "नक्की काय झालं रे?"

"सांगण्यासारखं काही झालं असतं तर भांडलो तरी असतो."

नंतर आपणहून म्हणाला की ट्रॅमच्या लाइनवर एक फ्लॅट बघितलाय, एका बेडरूमचा, माणसाला तेवढा पुरतो. किचन अगदीच चिमुकलं आहे. मी म्हटलं, "स्मोकर घेऊन जा." तर म्हणाला, "बाल्कनीत चालत नाही."

दुपार कलली तसं त्याने मला सगळं समजावलं. सळईवरचा आकडा कुठवर जाऊ द्यायचा, मग फॉइलमध्ये गुंडाळून किती वेळ निवांत ठेवायचं. "आणि झाकण सारखं उघडू नकोस. तुला खोड आहे." मग उठला, नळावर हात धुतले, स्वतःची खुर्ची मिटून ठेवली.

"थांब ना," मी म्हणालो. "मी बोलतो तिच्याशी. काही खाऊन नाही टाकणार तुला."

"नको. पोरीचा दिवस आहे. तिच्यासमोर कशाला तमाशा?" डब्याकडे बोट करून म्हणाला, "धूर बघ कसा पातळ, निळा येतोय. असाच राहू दे." आणि गेला. त्याची गाडी फाटकातून बाहेर पडल्यावरही मी तिथेच उभा होतो. हात धरून बसवायला हवं होतं त्याला. रोज ऑफिसात लोकांवर ओरडणारा माणूस मी, आणि नेमकं तिथे मला ओरडता आलं नाही.

संध्याकाळी मेहुणी आणि मुलगी आल्या. बायकोने फोल्डिंग टेबलावर ताटाभोवती रांगोळी काढली. ती वाऱ्याने उडाली, पुन्हा काढली. मावशीने भाचीला ओवाळलं, साडी दिली, गालावरून हात फिरवला. मी झाकण उघडलं तर मटण काट्याने ओढलं की हाडापासून सुटत होतं. काय वास सुटला होता! शेजारच्या गाडीतला म्हातारा कुत्र्याला फिरवायच्या निमित्ताने दोनदा आमच्या समोरून गेला.

"भाऊजी, कमाल केलीत," मेहुणी म्हणाली. "हे कधी शिकलात?"

"मशीनच करतं सगळं," मी म्हणालो. मुलगी ताटातून मान वर काढेना. तिला ठाऊक होतं.

मेहुणीने पहिला घास घेतला. चावला. थांबली.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

आमचे तिघांचेही हात जागच्या जागी राहिले. हे वाक्य आम्ही त्यांच्या घरी दर रविवारी ऐकलेलं. तो वाढायचा, ती पहिला घास घ्यायची आणि हेच म्हणायची, आणि तो म्हणायचा, "वरून घे की." माझ्या हातचं तिखटमीठ सढळ असतं, तेही तिला माहीत आहे.

"कधी गेला?" तिने विचारलं. माझ्याकडे न बघता.

"चार-साडेचारला."

फोन माझ्या खिशातच होता. तो फार लांब गेला नसता. मोटरवेवरच्या एखाद्या सर्व्हिसेसला चहा घेत थांबला असता, हाक मारली असती तर वळून आला असता. तिने "कधी गेला" विचारलं तेव्हाच, कुणाचीही परवानगी न घेता, मी तो फोन लावायला हवा होता. मी बायकोकडे बघत बसलो आणि बायको बहिणीकडे.

"मावशी," मुलगी म्हणाली, "मी कॉल करू काकाला? प्लीज."

"नको गं," मेहुणी म्हणाली. "गाडी चालवत असेल तो. फोन वाजला की दचकतो." आणि तिने ताट पुढे करून आणखी मटण मागितलं.