धुकां वाडलां, मास्तर

गाडीत बसला की तो आधी काच पुसायचा. बाहेरून नव्हे, आतून, तळहाताने. मग मान पुढे काढायचा, हनुवटी जवळजवळ स्टिअरिंगवर टेकायची, आणि म्हणायचा, "हल्ली धुकां वाडलां, मास्तर."

गोव्यातल्या आमच्या पार्से गावात सकाळी धुकं पडतं, नाही असं नाही. पण ते उन्हाबरोबर उतरतं. याचं धुकं जेवायच्या वेळेपर्यंत टिकायचं. कारणही त्याने शोधून ठेवलं होतं. "मोपार विमानां येवंक लागलीं, तेन्नासून वाडलां." मोपाच्या नव्या विमानतळावर आमच्या लोकांनी पुष्कळ गोष्टींचं खापर फोडलं आहे. धुक्याचं फोडणारा हा एकटाच.

तो माझा शेजारी. आमच्या दोन घरांमध्ये चिऱ्यांची बुटकी भिंत, एक गडगा, बस्स. सगळा वाडा, म्हणजे आमची वस्ती, त्याला दादा म्हणायचा. डिचोलीच्या खाणींवरून खनिजाचे ट्रक हाकण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं. खाणी बंद पडल्या, ट्रक गेला आणि हा गृहस्थ घरात बसून भिंतींना गियर बदलून दाखवू लागला. शेवटी वहिनीच कंटाळून म्हणाली, "घे बाबा एक गाडी." त्याने जुनी फोर बाय फोर घेतली. चारही चाकं ओढणारी, डोंगर चढणारी, चिखल तुडवणारी! ती जायची कुठे? पेडण्याच्या मासळी बाजारात. घरासमोर थोडा चिखल व्हायचा, तर गाडी मळते म्हणून त्याने तिथे फरशी घातली.

कुठल्याही विषयावर बोलायला लागलं की तो एका वाक्याशी येऊन थांबायचा. "आयुश्यांत म्हज्या चाकाखाला एक कोंबी येवंक ना." हे मात्र खरं होतं. आमच्या कोंबड्यासुद्धा ते मानायच्या. त्याच्या गाडीखाली सावलीला खुशाल बसायच्या.

तुम्हीही असे लोक पाहिले असतील, ज्यांना गाडीला काहीतरी लावल्याशिवाय चैन पडत नाही. एका रविवारी त्याने मला डिचोलीला नेलं. तिथे एका सिंधुदुर्गातल्या फिटरचं गॅरेज होतं. "गाडयेक तोंड जाय, मास्तर," गाडीला तोंड हवं, एवढंच कारण. कंपनीचा प्लास्टिकचा बंपर निघाला आणि त्या जागी लोखंडाचा काळा बंपर चेसिसला बोल्टांनी आवळला गेला. तो इतका जड की गाडीचं नाक खाली आलं. असला बंपर कायद्यात बसत नाही, हे मी सांगितलं. "कायदो आमच्या वाड्यार येना," दादा म्हणाला. मास्तरांचं ऐकायची त्याला शाळेतही सवय नव्हती.

मग दोन फॉगलाइट. फिटर म्हणाला, "दादानू, हे खाली लावचे असतत. वर लावल्यार धुक्यात उजेड उलटो डोळ्यांत येता."

"वयर लाय. सगळ्यांक दिसूंक जाय."

फिटरने मान डोलावली आणि वर लावले. गिऱ्हाइकाशी वाद घालून कोणाचं गॅरेज चाललंय? महिन्याभरात आणखी दोन दिवे आले. गणपतीच्या आधी आणखी दोन. सहा दिव्यांची ती गाडी अंगणात उभी राहिली की नाटकाचा पडदा आता उघडणार असं वाटायचं. दसऱ्याला त्याने बंपरवरच नारळ फोडला. नारळाचे तुकडे झाले, बंपरवर ओरखडाही आला नाही, हे तो पुढे दिवाळीपर्यंत सांगत होता.

या दिव्यांचा खरा बळी आमचा पोदेर. तो सकाळ-संध्याकाळ भोंगा वाजवत सायकलवरून पाव घेऊन येतो. वळणावर दादाची गाडी समोर आली की तो पाय टेकून, डोळ्यांवर हात धरून ओरडायचा, "बंद कर मरे दादा! दोळे फुटले!" दादा दिवे कधी बंद करायचा नाही. वर मला म्हणायचा, "पळय, कसो पडटा उजवाड!" एकदा पोदेर टोपलीसकट शेतात उतरला. त्या दिवशी वाड्याने चिखलाचे उंडे पाव खाल्ले आणि दादाला मनसोक्त शिव्या घातल्या. मी त्यात मागे नव्हतो.

मला मात्र तो रोज पेडण्याला शाळेपर्यंत सोडायचा. माझ्या गप्पा त्याला आवडतात, अशी माझी समजूत. वाटेत सारखा विचारायचा, "फुडें येता तो कोण, मास्तर? वळखता मरे?" मी सांगायचो, "दुधाचा टेंपो." "आनी ती?" "गाय." तो गाडी हळू करायचा. एवढी आस्थेने चौकशी करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. गावच्या गायीगुरांचीसुद्धा विचारपूस!

वैशाखातली दुपार होती. आकाश कोरं, उन्हाने चिरे तापलेले. माझी आई रोज त्या गडग्याला टेकून, पाटावर बसून काजू सोलायची. भात बघायला म्हणून ती आत गेली आणि धाडकन आवाज झाला. मी धावत बाहेर आलो. अर्धा गडगा आमच्या अंगणात पडला होता. त्या भगदाडातून काळा बंपर आत आला होता आणि सहाच्या सहा दिवे भर दुपारी जळत होते.

दादा खाली उतरला. त्याने हाताने आधी बंपर चाचपला, मग चिरे. मग माझ्या दिशेने, पण माझ्या जरा डावीकडे बघत म्हणाला, "धुकां, मास्तर."

आई मागून आली. तिला अजून काही कळलं नव्हतं. "माजो पाट खंय गेलो?" तिने विचारलं.

पाट चिऱ्यांखाली होता, मधोमध चिरलेला. मी तो ओढून काढला. दादाने त्यावरून हात फिरवला. तो पाट कसला आणि तिथे कोण बसतं, हे त्याला ठाऊक होतं.  गाडीची चावी काढून त्याने वहिनीच्या हातात दिली आणि भिंतीला धरून घरात गेला. मला त्याचा संताप आला होता, तरी त्याच्या वाटेतला चिरा मी बाजूला सारला होता.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेली ती नजर परत येणार नव्हती, आणि उरलेलीही वर्षभरात गेली. इतके दिवस वाडा सहा दिव्यांवर हसत राहिला होता. माणूस एवढा उजेड कशाला मागतो, हे कोणी विचारलं नव्हतं.

गाडी त्याने विकली नाही. बॅटरी उतरू नये म्हणून तो रोज संध्याकाळी चाचपडत जाऊन इंजिन चालू करायचा, दिव्यांचं बटण दाबायचा आणि अंगणात जो असेल त्याला विचारायचा, "पडटा मरे उजवाड?" आम्ही म्हणायचो, "देवळापर्यंत!"

पावसाळ्यानंतर एकदा मी पलीकडे गेलो होतो. त्याने बटण दाबलं. एकही दिवा लागला नाही. उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या, दोन तर बंपरखाली लोंबत होत्या. व्हरांड्यातून वहिनीने मला हातानेच खुणावलं, बोलू नको.

"पडटा मरे, मास्तर?"

 खोटं बोलायची सवय मास्तरांना असते, पण त्या वेळी मी वहिनीकडेच बघत राहिलो. तेवढ्यात वळणावरून भोंगा वाजला. पोदेर आला, त्याने पाय टेकला, त्या मेलेल्या दिव्यांकडे पाहिलं, मग लोंबणाऱ्या वायरींकडे, मग दादाच्या तोंडाकडे. आणि डोळ्यांवर हात धरून तो जिवाच्या आकांताने ओरडला, "बंद कर मरे दादा! दोळे फुटले!"

दादा असा हसला, असा हसला, की गाडी हलली. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने पोदेराचं ऐकलं आणि बटण बंद केलं.