वासूचा दवाखाना आणि गोव्याची वाट

बापूचा फोन आला तेव्हा मी अंगणात सुपारी वाळत घालत होतो. बापू म्हणजे वासूचा, गावाच्या भाईंचा, वीस वर्षांपासूनचा ड्रायव्हर. "सर, भाई गेले," तो म्हणाला. मी सहज विचारलं, "खंय?" वासू सतत कुठे ना कुठे गेलेलाच असायचा. कधी ओरोस, कधी मुंबई, कधी कुणाच्या बाराव्याला. पलीकडे बापू रडायला लागला...

पुढे तीन दिवसांनी त्याने सगळं नीट सांगितलं. सकाळी पेज जेवताना वासूच्या छातीत कळ आली. सुमनवहिनी आणि बापूने त्याला गाडीत घातलं आणि आधी गावातल्या रुग्णालयात नेलं. हे रुग्णालय आमदार असताना वासूनेच मंजूर करून आणलं होतं. दोन मजली इमारत, पुढे पोर्च, मागे डॉक्टरांसाठी घर. पण डॉक्टरची जागा कित्येक वर्षं रिकामी. ड्युटीवर एकटी नर्स होती. तिने जिभेखाली गोळी ठेवली, हात धरला आणि तिचेच डोळे भरून आले. "भाई, हयसर काय नाय ओ. गोव्याक न्हेवक व्हया." वासू तिला म्हणाला, "म्हायत आसा गो माका. तू रडा नको." कसाल मागे पडलं, कुडाळ मागे पडलं. बांद्याच्या अलीकडे त्याने वहिनींच्या खांद्यावर डोकं टेकलं. बापूने गाडी थांबवली नाही. थांबवून करणार काय होता?

याला आता पाच आठवडे झाले. रडू कधीच ओसरलं, राग मात्र ओसरत नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

वासू आणि मी एका बाकावर शिकलो. त्याचे वडील मालवाहू गलबतावर भंडारी होते, म्हणजे स्वयंपाकी. वर्षातले आठ महिने घरात पुरुष माणूस नसायचं. वासूचं गणित चांगलं, मराठी भयंकर. त्याचे निबंध मी सुधारून द्यायचो आणि तो माझी उदाहरणं सोडवायचा. शाळा सुटली तसा मी मास्तर झालो आणि तो बाजारातल्या औषधांच्या दुकानात काउंटरवर उभा राहिला. आजारी माणूस गावात पहिल्यांदा त्याच्याकडेच जायचा, कारण दुसरं होतं कोण? त्याची धाकटी बहीण कुंदा बाळंतपणाला माहेरी आली होती. मूल आडवं आलं. सुईणीने हात टेकले, जीप बोलावली, आणि सगळे म्हणाले तेच, "गोव्याक न्हेवा." कुंदा सावंतवाडीच्या पुढे जाऊ शकली नाही. तिच्या पोटातली मुलगीही. वासू त्या जीपमध्ये होता. तिथे काय झालं ते त्याने मला कधीही सांगितलं नाही, पण दोन महिन्यांनी दुकानाची नोकरी सोडून तो पंचायतीच्या निवडणुकीला उभा राहिला. लोकांना वाटलं, याला राजकारणाचं वेड लागलं. मला ठाऊक होतं, याला एकच गोष्ट हवी आहे. गावात डॉक्टर.

पंचायतीतून जिल्हा परिषद, तिथून विधानसभा. आमदार झाला तेव्हा तो विरोधी बाकांवर होता. त्याचे प्रश्न मी लिहून द्यायचो, कारण त्याची मराठी सुधारली नव्हतीच. 'सदर रुग्णालयातील वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे रिक्त आहेत, हे खरे आहे काय? असल्यास, सदर पदे भरण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे?' उत्तर छापून यायचं, 'हे खरे आहे. कार्यवाही सुरू आहे.' पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न, तेच उत्तर. तो कागद माझ्यापुढे धरून वासू हसायचा. "सदा, बघ, सरकार खोटा बोलणा नाय हां. खरा आसा म्हणता!" मला त्याच्या हसण्याचा संताप यायचा. मी म्हणायचो, अरे सभागृहात ओरड, कागद फाड, वाट अडवून बस, बाकीचे करतात तसं कर. तो करायचा नाही. तो मंत्रालयात या खोलीतून त्या खोलीत फाइलच्या मागे फिरायचा. असं फिरून फिरून त्याने इमारत उभी केली. उद्घाटनाला मंडप, बँड, हार-तुरे, सगळं झालं. एक्स-रेचं यंत्र आलं, त्यावरचं प्लास्टिक तसंच राहिलं. डॉक्टर तेवढा आला नाही.

आता जे लिहितो आहे ते मी त्याच्या हयातीत लिहायला हवं होतं.

तो दुसऱ्यांदा निवडून आला त्यानंतरची गोष्ट. मी मुंबईला लेकीकडे गेलो होतो. आमदार निवासात त्याला भेटायला गेलो तर हा बनियनवर बसून चहा करत होता. कप माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "सदा, तकडसून निरोप इलो हा. आमच्यात येवा म्हणतत. इल्यार म्हयन्याभरात डॉक्टर देतंव म्हणतत."

"मगे?"

"मगे काय? लोकांनी माका एका चिन्हावर निवडून दिल्यानी. त्येंका काय सांगू?"

मी क्षणभरही विचार केला नाही. इतक्या वर्षांची ती 'कार्यवाही सुरू आहे'ची उत्तरं माझ्याच हस्ताक्षरातल्या प्रश्नांना आली होती. मी म्हणालो, "लोकांका चिन्ह व्हया काय डॉक्टर व्हयो? जा तू."

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "तू सांगतस?"

"होय. मी सांगतंय."

तो सत्ताधारी पक्षात गेला. आणि खरोखरच डॉक्टर आले. विदर्भातलं तरुण नवराबायकोचं जोडपं. एक्स-रेवरचं प्लास्टिक निघालं. पहिलं बाळंतपण झालं त्या दिवशी वासू रुग्णालयाच्या दारात उभा होता. आत काही गेला नाही. बाजारातून गोड खाजं आणून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर ठेवत होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "चेडू झाला." मुलगी झाली होती. एवढं सांगून तो पुन्हा खाजं वाटायला गेला... आठ महिने ते रुग्णालय चाललं. आठच. मग वर खात्यांची अदलाबदल झाली. ज्यांनी शब्द दिला होता ते म्हणाले, ते खातं आता माझ्याकडे नाही. जोडप्याची बदली झाली, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. वासू पुन्हा फाइलमागे धावू लागला, तोवर निवडणूक आली.

रुग्णालयाच्याच भिंतीवर कुणीतरी डांबराने 'गद्दार' असं लिहिलं. देवळासमोरच्या सभेत एक म्हातारा उठून ओरडला, "भाई, तुका तकडे जावक सांगल्यान कोणी?" मी व्यासपीठावर तिसऱ्या खुर्चीवर बसलो होतो. उठून उभा राहिलो असतो तर दोन वाक्यांचं काम होतं. वासूने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. म्हणाला, "माका कोण कित्याक सांगतलो? माझीच अक्कल." लोक हसले. तो पडला, आणि साधासुधा पडला नाही. ज्या घरांतली बाळं त्या आठ महिन्यांत तिथे जन्मली, त्या घरांनीही त्याला मतं दिली नाहीत, हे पुढे त्या घरच्यांनीच मला सांगितलं. निकालानंतर मी त्याच्यावरच भडकलो. म्हटलं, माझं नाव का घेतलं नाहीस? तो शांतपणे म्हणाला, "तू मास्तर. तुका ह्याच गावात पोरांका शिकवूचा आसा." त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. माणसाने एवढं चांगलं असू नये, समोरच्याला जागा उरत नाही.

बाराव्यानंतर शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. त्याला पाडणारे आले, त्याला बोलावून नेणारे आले, सगळे एका रांगेत बसले. एका पुढाऱ्याने गहिवरून जाहीर केलं की रुग्णालयाला भाईंचं नाव देण्यात येईल. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मी उठलो. म्हणालो, "वासूला तिकडे जायला मी सांगितलं होतं. दोष माझा, बोल त्याने ऐकले. आणि जिथे त्याच्या जिभेखाली एक गोळी ठेवण्यापलीकडे काही होऊ शकलं नाही, त्या इमारतीवर त्याचं नाव नको. आधी डॉक्टर आणा." मग पुढारी माइकजवळ आले. "सरांच्या भावना आपण समजू शकतो," म्हणाले, आणि ठराव एकमताने संमत झाल्याचं सांगून खाली बसले. परतताना बापू गाडीजवळ उभा होता. एवढंच म्हणाला, "सर, आता सांगान काय उपयोग?"

फलक आठ दिवसांत लागला. चांगला आहे, रात्रीही दिसावा म्हणून आत दिवे आहेत. डॉक्टरच्या जागेबाबत कार्यवाही सुरू आहे.

परवा वहिनींना भेटायला गेलो. पडवीत त्याची आरामखुर्ची होती, शेजारच्या खिडकीत त्याचा जुना मोबाइल चार्जिंगला लावलेला. मी म्हटलं, हा अजून चालू कसा? वहिनी म्हणाल्या, "बंद कसो करू, भावजी? दिवसाक दोन तरी फोन येतत." आमदारकी गेल्यावर वासूने हे एक काम धरलं होतं, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाला गोव्याला न्यायचं झालं की लोक निघता निघता त्याला फोन करायचे, आणि तो तिथल्या रुग्णालयातल्या ओळखीच्या माणसाला सांगून ठेवायचा, म्हणजे दारात ताटकळावं लागू नये. ज्या वाटेचा त्याने आयुष्यभर तिरस्कार केला, तिचाच तो वाटाड्या झाला होता. मी तसं वहिनींना म्हणणारच होतो, पण तेवढ्यात मोबाइल वाजला.

वहिनींनी पदराला हात पुसले आणि तो कानाला लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता, घाबरलेला, गाडीच्या घरघरीत अर्धा बुडालेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेल्या नंबरांवरून बोट फिरवलं आणि एका नंबरावर थांबल्या.

"भाई नाय आसत रे बाबा," त्या म्हणाल्या. "मी आसंय. तू गाडी थांबयां नको. होय, मी सांगतंय त्येंका... तू जात रव."